पुढे काही नव्हतं

मी गणित सोडलं नाही. शेवटी हेच झालं, आणि ते आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणाला ताटकळत ठेवायला नको. आता हे वाक्य मी लिहिलंच नाही असं धरा. आमच्या गणितवाल्यांत असंच करतात. जे खरं आहे ते खोटं आहे असं धरायचं, गंभीर चेहऱ्याने पुढे चालत राहायचं, आणि आपण कुठे जाऊन आपटतो ते बघायचं. तर मी गणित सोडलं, असं धरून चालू. हे धरायला तसं अवघड नाही, कारण त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी ते खरोखरच सोडलं होतं. शाखा बदलून मिळण्याचा अर्ज सही करून कार्यालयाच्या खिडकीतून आत सरकवला होता, आणि खिडकीतल्या कारकूनबाईंनी तो न वाचताच ट्रेमध्ये टाकून सांगितलं होतं, "संध्याकाळी वर जाईल. वर गेला की संपलं." वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, कुलसचिवांकडे, पण त्या ज्या आवाजात म्हणाल्या त्या आवाजात साधारणपणे माणसं वर जातात. अर्जात कारणाच्या रकान्यात मी 'व्यवस्थापन या विषयाची ओढ' असं लिहिलं होतं. खरं कारण त्या रकान्यात मावलं नसतं असं नाही, चांगलं मावलं असतं: फळ्यासमोर उभं राहता येत नाही. पण असं काही लिहिलं की लोक डॉक्टरांचं नाव सुचवतात.

त्या दिवसाला सुरुवात मात्र सकाळीच झाली होती, बसमध्ये, एका हिसक्याने. मी दांड्याला लटकून उभा होतो, ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि बसमधली सगळी माणसं एकाच वेळी, कुणीतरी कवायतीचा हुकूम दिल्यासारखी, पुढे झुकली. माझं कपाळ दांड्यावर आपटलं. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू दांडा त्यांचा होता. मग बस मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली, थांबली, सरकली, पुन्हा थांबली. खिडकीकडची माणसं माना लांब करून पुढे काय झालंय ते बघू लागली, आणि ज्यांना खिडकी नव्हती ती त्या मानांकडे बघून अंदाज बांधू लागली. अपघात असेल. खणलं असेल. कुणी मोठा माणूस जात असेल. एक बाई म्हणाल्या, "झाड पडलं असणार," आणि लगेच दोघांना ते झाड दिसूसुद्धा लागलं. मग एकाएकी रस्ता मोकळा झाला. बस सुटली. आम्ही सगळे दोन्ही बाजूंना बघत होतो, झाड शोधत होतो, निदान फुटलेली काच, निदान एखादा शिट्टीवाला हवालदार. काही नाही. रस्ता ताज्या इस्त्रीच्या चादरीसारखा सरळ पडला होता. "काय झालं होतं हो?" कुणीतरी ड्रायव्हरला विचारलं. "काही नाही," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्या दोन शब्दांत इतका जुना, इतका घरगुती थकवा होता की माझं दुखरं कपाळ क्षणभर दुखायचं थांबलं. हा आवाज मी ओळखत होतो. हा ड्रायव्हर माझे वडील नव्हते. माझे वडील त्या वेळी दुसऱ्या मार्गावर दुसरी बस चालवत होते. पण हे 'काही नाही' त्यांचंच होतं, ते फक्त त्याने आज घातलं होतं.

आमच्या घरी हा खटला माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. वडील उशिरा येतात. आई शिवणाच्या मशीनवरून मान न उचलता विचारते, "आज काय झालं?" ती लोकांचे कपडे कमी-जास्त करून देते, तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे तिचा प्रत्येक प्रश्न टोचूनच बाहेर येतो. वडील बूट काढत म्हणतात, "काही नाही. गाड्या थांबल्या होत्या." "कशामुळे?" "कशामुळे नाही गं. पुढे काही नव्हतं." "काही नव्हतं तर थांबल्या कशाला? शोभा बघायला?" "आता मी काय सांगू? थांबल्या. मग सुटल्या." "अहो, शिवण उसवते तेव्हा कुठेतरी एका ठिकाणी धागा तुटलेला असतो. आपोआप उसवत नाही." इथे वडील दुसरा बूट काढायला लागायचे. आईला संशय तरी कसला होता? फार मोठा नाही. डेपोत चार टवाळ जमवून चहा ढोसत बसतात, एवढाच. पण छोटा संशय मोठ्यापेक्षा चिवट असतो, तो खर्चिक नसतो, रोज वापरता येतो. "लग्नाच्या दिवशीसुद्धा उशिरा आलात," आई म्हणायची, "तेव्हाही पुढे काही नव्हतं वाटतं. मी होते की पुढे." मी पाटी-पुस्तक घेऊन मधे बसलेला असायचो, बिनपगारी न्यायाधीश. वडील खोटं बोलत नाहीत हे मला कळायचं, कारण खोटं बोलायला जी कल्पनाशक्ती लागते ती त्यांच्याकडे नाहीच. असती तर एखादा टँकर उलटवून त्यांनी केव्हाच स्वतःची सुटका करून घेतली असती. पण आईचं म्हणणंही पटायचं. काही नसताना हजार माणसं थांबतील कशी? दोघंही खरं बोलताहेत आणि दोन्ही खरी एका खोलीत मावत नाहीत, ही गणिताशी झालेली माझी पहिली ओळख, फक्त तेव्हा मला वाटायचं की याला कुटुंब म्हणतात.

दुपारी तीनला 'उपयोजित गणित अतिथी व्याख्यानमाले'चं व्याख्यान होतं. या मालेचा मी कार्यवाह होतो. निवडून आलो होतो असं नाही, विभागप्रमुखांनी वर्गात विचारलं, "कोण करेल?" आणि मी काहीतरी गंमत केली, सगळे हसले, आणि आमच्याकडे हसवणाऱ्याला लोक लगेच कामाला लावतात. काम सोपं होतं. पाहुण्यांना फाटकापासून आणायचं, पाण्याचा पेला भरायचा, मग पहिल्या रांगेत पुठ्ठ्याचे दोन फलक मांडीवर घेऊन बसायचं. एकावर 'पाच मिनिटं' आणि दुसऱ्यावर 'आभार'. पहिला दाखवला की पाहुणे घाई करतात, दुसरा दाखवला की थांबतात. थांबले नाहीत तर प्रमुख स्वतः उठून टाळ्या वाजवायला लागतात. आणि शेवटी आभार मानायचे. आभार आदल्या दिवशीच लिहून ठेवायची आमच्याकडे रीत आहे. 'अत्यंत क्लिष्ट विषय आपण अत्यंत सोप्या भाषेत समजावून सांगितलात' हे वाक्य मी इतक्यांना म्हटलं होतं की आता ते म्हणताना माझं लक्ष खिडकीबाहेर असायचं. मागच्या पाहुण्यांनी रंग वाळण्याचं गणित सांगितलं होतं. ते सांगत असताना आम्हाला तो अनुभव प्रत्यक्ष आला.

या वेळच्या पाहुण्या रस्ते खात्यातल्या होत्या. मध्यम वय, कापडी पिशवी, पायात धावायचे बूट. "गाडी कुठे लावलीत मॅडम?" प्रमुखांनी विचारलं. "मी चालत आले," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबून?" "मला माहीत आहे ना, म्हणून." प्रमुख हसले, पण कशाला हसायचं ते न कळून हसले. माझ्या शेजारी लंबक येऊन बसला. हा माझा मित्र. व्याख्यानात डुलक्या घेताना तो इतका एकसारखा झुलतो की पहिल्या वर्षी प्रयोगशाळेतल्या सरांनीच त्याला हे नाव दिलं. "दिलास अर्ज?" त्याने विचारलं. "दिला." "छान. आता हे शेवटचं झोपणं." आणि त्याने चष्मा काढून खिशात ठेवला, झोपेची तयारी म्हणून. मीही तशीच काहीतरी मनाची तयारी केली होती. ज्या घरातून सामान हलवलंय त्या घरात किल्ली द्यायला परत आलेल्या माणसासारखा मी बसलो होतो, भिंतींकडे जरा सौजन्यानेच बघत. पाहुण्यांनी सुरुवात केली: "मी रस्ते खात्यात आहे. माझ्या टेबलावर एकही रस्ता नाही. मी फक्त हे बघते की काही कारण नसताना गाड्या का थांबतात." आणि माझं कपाळ पुन्हा दुखायला लागलं.

त्यांनी आधी एक चित्रफीत दाखवली. कुठल्यातरी उंच इमारतीवरून घेतलेली, आवाज नसलेली. खाली रस्ता, त्यावर काडेपेट्यांएवढ्या गाड्या, सगळ्या उजवीकडे चाललेल्या, सुरळीत. मग एका ठिकाणी चार-पाच गाड्या जराशा जवळ आल्या, म्हणजे किती जवळ, तर बोलायला दोन माणसं येतात तेवढ्या. मग त्यांच्या मागच्या जवळ आल्या. मग त्यांच्या मागच्या थांबल्या. पुढच्या सुटून गेल्या. आणि मग मला ते दिसलं. गाड्या उजवीकडे जात होत्या, प्रत्येक गाडी, एकही उलटी नाही. आणि तरी त्यांच्यातून एक गाठ डावीकडे सरकत होती. ती गाठ म्हणजे कुठलीच गाडी नव्हती. गाड्या तिच्यात शिरत होत्या, थांबत होत्या, बाहेर पडत होत्या, आणि ती आपली पाठीमागे चालली होती, निवांत, अंगावरून शहारा जातो तशी. शहारा कुठे त्वचेचा तुकडा असतो? "बघा," पाहुण्या म्हणाल्या, "ही सुरू झाली तिथे आता काही नाही. तेव्हाही काही नव्हतं. मागून येणाऱ्याला ही भेटते तेव्हा त्याला वाटतं पुढे काहीतरी झालंय. पुढे काही नसतं. लोकांना हे पटत नाही." मला एकदम टाचण्यांचा वास आला. टाचण्यांना वास असतो, पितळी, तोंडातून काढलेल्या टाचण्यांना तर असतोच. मी ताठ बसलो. लंबक झुलायचा थांबला आणि म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

मग त्यांनी खडू घेतला. "हे नुसतं दाखवून उपयोग नाही," त्या म्हणाल्या, "हे आलं पाहिजे." आलं पाहिजे, हे त्यांनी असं म्हटलं की एखादी आई शाळेतून येणाऱ्या मुलाबद्दल म्हणेल. फळ्यावर त्यांनी गाड्या मांडल्या, एक, दोन, तीन, ठिपके. प्रत्येक गाडीचा एकच स्वभाव: अंतर वाढलं तर वेग वाढवायचा, कमी झालं तर कमी करायचा, आणि हे सगळं किंचित उशिरा, कारण माणसाला कळायला वेळ लागतो. एवढंच. राग नाही, घाई नाही, घरी कोण वाट बघतंय ते नाही. एका ओळीतून दुसरी ओळ निघाली, दुसरीतून तिसरी, अक्षर बारीक आणि तिरकं, आणि मी पेन न उघडताच मनात त्यांच्याबरोबर चालत होतो, एक ओळ मागे राहून. हे मला आवडतं. हे सांगायला हवं, कारण अर्जात त्याला रकाना नव्हता: एका ओळीतून पुढची ओळ निघते तेव्हा मला अंधारात जिन्याची पुढची पायरी बरोबर पायाखाली यावी तसं वाटतं. दुसऱ्या कशातच मला असं वाटत नाही. व्यवस्थापनात वाटेल अशी आशाही नव्हती. शेवटच्या ओळीला त्यांनी चौकट केली, मागे सरकल्या, चौकटीकडे पाहिलं, आणि थांबल्या.

"हे उलट आलं," त्या म्हणाल्या.

चौकटीतलं उत्तर सांगत होतं की गाठ पुढे जाते. गाड्यांबरोबर, उजवीकडे. आणि आत्ताच सगळ्यांनी ती डावीकडे जाताना पाहिली होती. त्यांनी पुसलं नाही. हसल्या नाहीत, घसा खाकरला नाही, पाणी प्यायल्या नाहीत. "थांबा हं, माझं कुठेतरी चुकलंय," एवढं म्हणून त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि फळ्यासमोर उभ्या राहिल्या. सभागृहात आधी ती साधी शांतता पसरली, जी कुणी बोलायचं थांबलं की असते. मग ती शिळी व्हायला लागली. खुर्च्या कुरकुरल्या. पंख्याचं एक पातं कशालातरी घासत होतं, ते आजवर कुणी ऐकलं नव्हतं. "बाई अडकल्या," लंबक कुजबुजला, "अरे, एखादी गंमत कर ना, सुटतील बिचाऱ्या." आणि खरं सांगायचं तर गंमत तयार होती. तोंडात आली होती, जिभेवर उभी होती, गाड्यांवरच होती आणि चांगली होती. इथे सांगणार नाही.

कारण ही पाठ मला ठाऊक होती, आतून. पहिल्या वर्षी सरांनी मला फळ्यावर बोलावलं होतं, आणि मी दोन ओळी लिहिल्या आणि तिसरी आली नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की अडकलेला माणूस विचार करत असतो. विचार कसला, मी माझ्या मानेवर होतो. चाळीस-पन्नास जणांची नजर मानेवर कशी बसते ते मी तेव्हा शिकलो. ती गरम नसते, गार असते, न्हाव्याने मागून पाणी फवारावं तशी. खडू घामाने मऊ झाला होता. तिसरी ओळ मला येत नव्हती असं नाही, ती कुठेतरी जवळच होती, शेजारच्या खोलीत कुणी वावरत असावं तशी. आणखी थोडा वेळ उभा राहिलो असतो तर ती आली असती. पण थोडा वेळ कोण देतो? मी वळलो आणि म्हणालो, "सर, उरलेलं गणित वाचकांनी घरी पूर्ण करावं." वर्गात हशा फुटला. सरसुद्धा हसले, टेबलावर थाप मारून. मी वाकून नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसलो, आणि तेव्हापासून मी विनोदी आहे. आधी नव्हतो. आईला विचारा. त्यानंतर मी पास होत राहिलो, पाठ करून, उत्तरापासून मागे चालत येऊन, पण जिथे अडकायला होतं त्या जागेच्या अलीकडेच वळायचो. आणि हळूहळू माझी खात्री झाली की गणित हे न अडकणाऱ्या माणसांचं काम आहे. त्यांना तिसरी ओळ येते. आपल्याला गंमत येते. ज्याचं त्याने घ्यावं.

आता एक बाई, जिने आयुष्यभर हेच केलंय, आमच्यासमोर अडकून उभी होती आणि तिच्या मानेवर कुणीच नव्हतं. मी नीट पाहिलं. आम्ही सगळे तिच्या मानेकडेच बघत होतो, पण ती तिथे नव्हती, फळ्यात होती. खडू अंगठ्यावर हलकेच आपटत होती. मग डाव्या कोपऱ्यात जाऊन फळा तिरका पाहिला, भिंतीवरची तसबीर वाकडी लागलीय का बघतात तसा. "नाही," स्वतःशी म्हणाली. मग व्यासपीठाच्या कडेला चक्क खाली बसली, आमच्याकडे पाठ करून, गुडघ्यांवर कोपरं ठेवून. प्रमुख अर्धवट उठले. "मॅडम, आपण हे गृहीत धरू या. मुलांना कल्पना आलीच आहे. चहा आलाय." "गृहीत कसं धरू?" त्या न वळता म्हणाल्या, अजिबात न रागावता, "उलटं आलंय ना." प्रमुख बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अंगठ्याने खूण केली: फलक. 'आभार' दाखव. त्या खुणेत दया होती, तेच वाईट होतं; त्यांना बाईंना सोडवायचं होतं, जसं पहिल्या वर्षी वर्गाने हसून मला सोडवलं होतं. दोन्ही फलक माझ्या मांडीवर होते. मी अत्यंत आज्ञाधारक चेहरा केला आणि 'पाच मिनिटं' वर केला.

"पाच मिनिटं?" बाईंनी खांद्यावरून पाहिलं. "बरं." आणि पुन्हा फळ्यात गेल्या. प्रमुखांचा अंगठा अडखळला. काही वेळाने त्यांनी पुन्हा खूण केली, या वेळी भुवयांसकट. मी पुन्हा 'पाच मिनिटं' वर केला. लंबक म्हणाला, "वेडा झालास का? तो नाही, दुसरा." "गप." "तू मला गप म्हणालास?" तो इतका चकित झाला की पूर्ण जागा झाला आणि त्याने चष्मा लावला. मागच्या रांगेतले काही जण दप्तरं उचलून दाराकडे सरकले, पण दारात चहावाला किटली घेऊन उभा होता आणि तोही आता फळ्याकडे बघत होता, त्यामुळे ते तिथेच थांबले, आणि त्यांच्या मागचे त्यांच्या मागे. पुढे काही नव्हतं. तिसऱ्यांदा मी फलक वर केला तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमच्याकडची पाच मिनिटं ऐसपैस आहेत हो," आणि एवढं म्हणून उठल्या. गाड्यांच्या चित्रापाशी गेल्या. एका ठिपक्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. आम्हालाच विचारलं, "यातलं कोण कोणाच्या मागे आहे?" इतकी सोपी गोष्ट विचारली की उत्तर द्यायची भीती वाटते. त्यांनी बोटांवर मोजलं, लहान मुलीसारखं. आणि मग त्यांच्या पाठीत काहीतरी झालं. मी तोंड पाहिलं नव्हतं, तरी शपथेवर सांगतो, ती पाठ हसली.

"अरे देवा," त्या वळल्या, "मी सगळ्यांना मागे बघून गाडी चालवायला लावलीय!" त्यांना इतका आनंद झाला होता की पहिल्या रांगेतले आम्ही सगळे नकळत हसलो, आणि ते हसणं वेगळं होतं, त्यात कुणाची सुटका नव्हती. "ऑफिसात आम्ही गाड्या शेपटाकडून मोजतो. आज म्हटलं, विद्यार्थी आहेत, तोंडाकडून मोजू, सोपं जाईल. आणि समीकरण मात्र सवयीने जुनंच लिहिलं. म्हणजे दोन नंबरवाला बघतोय तीन नंबरकडे. त्याच्या मागच्याने ब्रेक दाबला की हा दाबतो! सोपं करायला गेलं की असं होतं बघा." त्यांनी एका जागी अधिकाचं उणे केलं. वरचं काही पुसलं नाही. त्याखाली सगळं पुन्हा लिहिलं, एकेक ओळ, जागा संपली तेव्हा फळ्याच्या लाकडी चौकटीवर सुद्धा, आणि गाठ वळली. मागे जायला लागली. मागून कुणीतरी "हां" म्हणालं. मला वाटतं तो चहावाला असावा, पण तो नंतर म्हणाला की त्याचा हात भाजला होता.

मग आभार. मी माइकपाशी गेलो, खिशातून कागद काढला, 'अत्यंत क्लिष्ट विषय आपण अत्यंत सोप्या' इथपर्यंत वाचलं आणि पुढचा शब्द काही येईना. म्हणजे कागदावर होता, तोंडात येईना. मान गार पडायला लागली. प्रमुख हसायच्या तयारीत पुढे झुकले, हा आता काहीतरी करणार म्हणून. मी काहीच केलं नाही. उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही, पण पहिल्या वर्षी शेजारच्या खोलीतच राहिलेला तो माणूस या वेळी खरोखरच दार उघडून आला, आणि मी म्हणालो, "मॅडम, माझे वडील बस चालवतात. ते घरी उशिरा येतात आणि सांगतात, पुढे काही नव्हतं." सभागृह हसायचं की नाही ते ठरवत होतं. बाई हसल्या नाहीत. "खरं सांगतात," त्या म्हणाल्या, जणू त्यांना कुणी साक्षीलाच बोलावलं होतं. "काहीच नसतं. फार फार तर काय, बऱ्याच पुढे कुणीतरी एकाने ब्रेक जरा जास्त दाबलेला असतो. जराच. त्याला ते कधी कळत नाही. मागे शेकडो लोक थांबतात तेव्हा तो घरी जाऊन चपला काढत असतो." "मग यावर उपाय?" "एकाने जरी पुढे मोकळी जागा सोडून शांतपणे चालवलं, तर ही गाठ त्याच्यापाशी येऊन विरते. तुमचे वडील तसं चालवतात का?" "नाही," मी म्हणालो, "ते पुढच्याच्या पाठीला नाक लावून चालवतात." "बरोबर," त्या म्हणाल्या, "सगळेच तसं चालवतात. मीही." मी त्यांना नमस्कार केला. आभार मानायचे राहूनच गेले, आणि प्रमुखांनी टाळ्या वाजवून ते भरून काढले.

व्हरांड्यात येऊन मी आईला फोन केला. मशीनचा आवाज येत होता. "आई, बाबा खरं बोलतात. पुढे काही नसतं. सिद्ध झालंय." मशीन थांबलं. "कोणी केलं?" "रस्ते खात्यातल्या एक बाई आहेत." "बाई?" "पाहुण्या आल्या होत्या." "आणि तिला काय माहीत तुझे बाबा कुठे थांबतात ते?" मी म्हटलं, "आई, तसं नाही, ते सगळ्या गाड्यांचं आहे." "सगळ्यांचं माझ्या काय कामाचं?" ती म्हणाली. पण मशीन बराच वेळ सुरू झालं नाही. मग ती हळूच म्हणाली, "रोजच थांबतात होय रे तशा?" "रोजच." "बिचारे," ती म्हणाली. कोण ते सांगितलं नाही आणि फोन ठेवला.

मी जिने उतरून कार्यालयाच्या खिडकीशी पोचलो तेव्हा कारकूनबाई ट्रे हातात घेऊन उठतच होत्या. "माझा अर्ज परत हवाय," मी म्हणालो. "दिलेला अर्ज परत मिळत नसतो." "मग थांबवा तरी." "थांबवायला अर्ज लागतो. हा घ्या कागद. आणि कारण लिहा हं नीट. कारणाशिवाय इथे काही थांबत नाही." मी त्यांच्याकडे बघत राहिलो. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "ओढ वगैरे लिहू नका. ओढ सगळेच लिहितात." त्यांनी ट्रे खाली ठेवला, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लिहा. मी आहे." खिडकीच्या फळीवर कागद ठेवून मी लिहिलं:

"मा. कुलसचिव यांस. विषय: शाखाबदलाचा अर्ज रद्द करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदारास गणितात अडकावयास होते व तेच त्याने गणित सोडण्याचे कारण मानले होते. आज झालेल्या अतिथी व्याख्यानात सदर कारण चुकीच्या बाजूने मोजले गेल्याचे निदर्शनास आले. तरी अर्जदारास गणितातच राहू द्यावे. तसेच विनंती की, यापुढे प्रत्येक अतिथी व्याख्यात्यास फळ्याकडे तोंड करून गप्प उभे राहण्यासाठी स्वतंत्र वेळ मंजूर करण्यात यावा; त्या वेळेत चहा आणू नये; उपस्थितांस त्या शांततेची हजेरी मिळावी; आणि सदर सवलत पूर्वलक्षी प्रभावाने, पहिल्या वर्षाच्या वर्गात दोन ओळी लिहून उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्यासही लागू करून, त्यास तिसरी ओळ येईपर्यंत कोणीही हसू नये, असे लेखी आदेश संबंधितांस देण्यात यावेत."